हौसेला मोल नसतं, मालाला असतं

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार.

गेली तीन वर्षं रात्री आणि सुट्टीच्या दिवशी मी एक गेम लिहितोय. अंतराळातल्या व्यापाराचा. एका स्थानकावर माल भरायचा, दुसऱ्यावर विकायचा, वाटेत चाचे आडवे येणार. लहानपणापासून डोक्यात बसलेला गेम आहे हा. इंजिन, म्हणजे गेम चालवणारा पायाभूत कोड, माझं स्वतःचं, सी प्लस प्लसमध्ये. आकाशगंगेत ४० कोटी तारे आहेत, ताऱ्यांभोवती ग्रह, ग्रहांना वातावरण, काहींना कडी. व्यापार अजून घातलेला नाही.

मागच्या महिन्यात मोठ्या हौसेने बायकोला दाखवला. तिने पाच मिनिटं जहाज फिरवलं आणि म्हणाली, "छान आहे रे, पण इथे करायचं काय?" त्यानंतर तीन आठवडे मी कोड उघडलेला नाही. त्यातच एक बग आहे: सूर्यापासून लांब गेलं की जहाज थरथरायला लागतं. काही केल्या सुटत नाही. एक मित्र म्हणतो, हे टाक आणि तयार इंजिनवर ये. दुसरा म्हणतो, नोकरी सोडून पूर्ण वेळ बस, नाहीतर हे जन्मात होणार नाही. मला वाटतंय की बंदच करावं. तुम्हीही एके काळी गेम लिहायचात असं याच सदरात वाचलं होतं, म्हणून विचारतोय.

— अडकलेला कप्तान

उत्तर

कप्तान,

आधी बायकोचे आभार माना. गेम करणारी माणसं अनोळखी खेळाडूंना पडद्यासमोर बसवतात, त्यांच्या मागे तोंड मिटून उभी राहतात आणि जे ऐकायला कान टवकारतात, ते तुम्हाला घरबसल्या पाच मिनिटांत ऐकायला मिळालं. आणि तुम्ही तीन आठवडे फुगून बसलात!

तिचा प्रश्न पुन्हा वाचा. ग्रह वाईट दिसतात असं ती म्हणाली नाही, जहाज हलतं म्हणूनही तिची तक्रार नव्हती. दुकानाची पाटी, रोषणाई, तोरण सगळं पाहून झालं आणि आत माल कुठे आहे एवढंच तिने विचारलं. तुमचं घोडं इथे पेंड खातंय. तीन वर्षांत आधी कळस झाला, पाया राहिला.

असं का झालं असेल ते मी सांगू शकते, कारण माझंही तेच झालं होतं. तारे लगेच बक्षीस देतात. रात्री अकरा वाजता एक आकडा बदलायचा, आणि सव्वाअकराला ग्रहाभोवती जांभळी कडी उगवते. बाजारभावाच्या तक्त्याचं तसं नाही. त्यात आकडा बदलला की दुसरा आकडा बदलतो. दिवसभर नोकरी करून आलेल्या माणसाने कड्यांकडे वळावं यात नवल नाही, आणि त्याची लाज वाटून घेऊ नका. पण आता थोडे दिवस कड्यांना हात लावायचा नाही.

या प्रकारच्या गेमचं नाव निघालं की सगळे १९८४च्या ‘एलीट’कडे बोट दाखवतात. डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल हे केंब्रिजचे दोन विद्यार्थी, हाताशी बीबीसी मायक्रो हा घरगुती संगणक, आणि त्याची मेमरी उणीपुरी ३२ किलोबाइट. त्यात त्यांनी ८ आकाशगंगा बसवल्या, प्रत्येकीत २५६ ग्रह. ग्रहांची यादी कुठे साठवलेलीच नव्हती. बीज म्हणून घेतलेल्या तीन संख्यांमधून प्रत्येक ग्रहाचं नाव, राज्यव्यवस्था, अर्थव्यवस्था दर वेळी नव्याने, पण हुबेहूब तशीच, काढली जायची. ही करामत ऐकून आपण सगळे तारे उगवायच्या मागे लागतो. गंमत म्हणजे कर्त्यांना याहून अफाट संख्येने आकाशगंगा द्यायच्या होत्या, प्रकाशकांनी त्यांना आठांवर आणलं. कुणाचं काही बिघडलं नाही.

मला त्या गेममधली भावते ती दुसरी बाजू. खेळाडूच्या हातात सुरुवातीला १०० क्रेडिट आणि २० टनांचं कोठार. बाजारात १७ जिनसा. प्रत्येक जिनसेला तक्त्यात ४ बाइट: मूळ भाव, शेतीच्या किंवा कारखान्यांच्या ग्रहावर तो किती चढतो-उतरतो, नेहमीचा साठा आणि थोडा बेभरवसा. सगळा बाजार ६८ बाइटांत! शेतकी ग्रहावरून धान्य उचला, औद्योगिक ग्रहावर विका, परतताना संगणक भरा. जहाज वाचवत, पैसे मोजत लोक यात रात्री घालवायचे. त्याच्याही दहा वर्षं आधी, १९७४ साली, डेव्ह कॉफमन यांचा ‘स्टार ट्रेडर’ आला. बेसिक या भाषेत लिहिलेला, पडद्यावर नुसती अक्षरं, चित्र एकही नाही. त्याचा कोड एका वार्तापत्रात छापला होता. त्यातही ताऱ्यांमध्ये व्यापार होता, आणि ४० कोटी ताऱ्यांत तुमच्याकडे नेमका तोच नाही.

तेव्हा माझं म्हणणं असं: एक नवी, रिकामी फाइल घ्या. सी प्लस प्लस नको, ज्या भाषेत तुमचा हात सगळ्यात भरभर चालतो ती घ्या. चित्र नाही, जहाज नाही, तारे नाहीत. दोन स्थानकं, एक जिन्नस आणि अक्षरांचा पडदा. घ्या, विका, पुढच्या स्थानकावर जा, एवढ्या तीन आज्ञा. दोन संध्याकाळींचं काम आहे.

भाव साठ्यावर चालू द्या. उदाहरण घेऊ, कारण घोळ इथेच होतो. धातूचा मूळ भाव ४०. सूत्र साधं: ४० × (१.५ − साठा ÷ २००). साठा १०० टन असला की भाव बरोबर ४०. खाणीवर १६० टन पडून आहेत, म्हणून तिथे भाव २८. कारखान्यावर ४०च टन उरलेत, तिथे ५२. तुमचं कोठार २० टनांचं. एकेक टन उचलाल तसा खाणीवरचा भाव २० पैशांनी, म्हणजे ०.२ने, चढतो. शेवटच्या टनापर्यंत तो ३२ला टेकतो. तुम्हाला सरासरी ३० पडले. कारखान्यावर विकताना भाव ५२ वरून ४८ वर घसरतो, सरासरी ५०. फेरीचा नफा ४००.

आता लगेच दुसरी फेरी मारा. ३४ने घ्याल, ४६ने विकाल: २४०. तिसरी: ८०. चौथीत तुम्हीच ८० घालवून बसाल. यात चाचे नाहीत, तोफा नाहीत, आणि तरी खेळाडू खुर्चीत पुढे सरकून बसतो. ‘अजून एक फेरी मारू की दुसरीकडे बघू?’ हा प्रश्न त्याला पडला की गेम सुरू झाला. मग खाण रोज ५ टन काढते आणि कारखाना रोज ५ टन खातो असं करा. फेरीला दोन दिवस लागत असतील तर दोन्हीकडे १० टनांची भर-तूट होते आणि घसरण निम्म्यावर येते: ४००, ३२०, २४०. त्यातून फेरीमागे इंधनाचे ५० वजा करा. थांबायचं कधी याचं उत्तर आता खेळाडूला स्वतःला शोधावं लागेल, आणि ते दर वेळी वेगळं येईल.

जाता जाता एक मजा बघा. कोठार तिप्पट केलं, ६० टन, तरी एका फेरीत नफा १२०० होत नाही, ७२० होतो. कारण भाव तुमच्याच मालाने पाडला. मोठं जहाज घेतलं की पैशांचा पाऊस पडतो आणि गेम संपतो, हा व्यापारी गेममधला जुनाट आजार. इथे तो औषधाविना आटोक्यात राहतो.

हे सूत्र लिहिताना एक खड्डा मात्र नक्की लागेल. मी त्यात पडले आहे. माझ्या गेममध्ये ‘२० टन घ्या’ म्हटलं की मी चालू भाव गुणिले २० करून मोकळी व्हायचे: २८ × २० = ५६०. माल उचलल्यावर साठा कमी, भाव ३२. माझा भाचा तेव्हा अकरा वर्षांचा होता. त्याने माल घेतला आणि तिथल्या तिथे, त्याच स्थानकावर, परत विकला: ३२ × २० = ६४०. ऐंशीचा फायदा, जहाज जागचं हललं नाही. संध्याकाळी तो म्हणाला, "मावशी, माझ्याकडे एक लाख झाले, आता काय घेऊ?" गेममध्ये घेण्यासारखं एवढं महाग काही नव्हतंच. म्हणून हिशोब टनाटनाने करा, आणि विकतानाचा भाव माल उतरल्यानंतरच्या साठ्यावरून काढा. वर स्थानकाची थोडी दलाली ठेवा, म्हणजे आकडे पूर्णांकात बसवतानाही कुणाला फट सापडणार नाही. ही चाचणी कोडमध्येच लिहून ठेवा: एकाच जागी घेऊन-विकून पैसे वाढले तर प्रोग्रामने बोंब मारली पाहिजे.

दोन स्थानकं जमली की सहा करा, जिनसा चार करा. मग संगणकाने चालवलेले व्यापारी सोडायचा मोह होईल. सोडा, पण जपून. मी ४० व्यापारी सोडले होते, प्रत्येकाला सगळ्या स्थानकांचे ताजे भाव माहीत, प्रत्येक जण सर्वांत फायद्याचा मार्ग धरणारा. पडदा बंद ठेवून रात्रभर गेम पळवला आणि मोठ्या अपेक्षेने झोपायला गेले. सकाळी पाहते तर सगळीकडे सगळ्या मालाचा भाव जवळजवळ एकच! बाजार आदर्श झाला होता आणि व्यापाराला जागाच उरली नव्हती. खऱ्या जगात याला कार्यक्षमता म्हणतात, गेममध्ये हे मढं असतं. इलाज सापडला तो साधा होता: व्यापाऱ्यांना ताजे भाव द्यायचेच नाहीत. जो जिथे शेवटचा जाऊन आला, त्याला तिथला तेव्हाचा भाव माहीत. शिळ्या बातमीवर ते धावू लागले, चुकू लागले, कुठे गर्दी तर कुठे टंचाई, आणि खेळाडूच्या नफ्याला पुन्हा फटी दिसायला लागल्या.

पडदा बंद ठेवून गेम पळवण्याची सोय पहिल्या दिवसापासून ठेवा. हजार दिवसांचे भाव एका फाइलमध्ये ओतायचे, स्प्रेडशीटमध्ये आलेख काढायचा. एखादी रेघ छताला चिकटलेली किंवा जमिनीवर लोळत असलेली दिसली की गडबड कुठे आहे ते खेळून शोधावं लागत नाही. पैसा किती ठिकाणांहून येतो आणि कुठे जिरतो, तेही यात दिसतं. इंधन, डागडुजी, बंदराचं भाडं ही जिरण्याची ठिकाणं. ‘ईव्ह ऑनलाइन’ या अंतराळातल्या ऑनलाइन गेमवाल्यांनी गेमच्या अर्थव्यवस्थेवर लक्ष ठेवायला २००७ मध्ये चक्क अर्थतज्ज्ञ नोकरीला ठेवला होता. तुम्हाला स्प्रेडशीट पुरेल.

आता जहाजाची थरथर. तुम्ही जागा साध्या ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये (दशांश आकडा साठवायचा प्रकार), मीटरमध्ये, सूर्याला शून्य धरून मोजताय, असा माझा अंदाज आहे. अशा आकड्यात जेमतेम सात अंक खात्रीचे असतात. त्या शून्यापासून १०,००० किलोमीटरवर गेलात की लागोपाठच्या दोन आकड्यांमध्ये एक मीटरचं अंतर पडतं. जहाज सरकायच्या ऐवजी मीटरमीटरने उड्या मारतं, तीच तुमची थरथर. पृथ्वी सूर्यापासून साधारण १५ कोटी किलोमीटरवर आहे. तिथे हीच पायरी १६ किलोमीटरची होते. जागा ६४ बिटांच्या डबलमध्ये ठेवल्या की तीच पायरी मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यांवर येते. पण ग्राफिक्स कार्डाला शेवटी फ्लोटच द्यावे लागतात, म्हणून चित्र काढण्याआधी प्रत्येक वस्तूच्या जागेतून कॅमेऱ्याची जागा डबलमध्येच वजा करा आणि मग फ्लोट करा. जहाज कायम शून्यापाशी, जग त्याच्याभोवती फिरतंय, असं. शेडरमध्ये, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर चालणाऱ्या चित्राच्या कोडमध्ये, शोधत बसला असाल तर तिथे हा बग तुम्हाला सापडणार नाही.

तारे उगवणाऱ्या कोडबद्दलही एक गोष्ट, कारण ती नंतर फार महाग पडते. ताऱ्यामागून ताऱ्याला एकाच यादृच्छिक आकड्यांच्या माळेतून मणी देत असाल, तर उद्या चंद्राचा रंग ठरवायला मध्येच एक मणी जास्त काढलात की पुढचे सगळे ग्रह बदलतात. खेळाडूचं नेहमीचं स्थानक एका रात्रीत गायब! प्रत्येक ताऱ्याचं बीज त्याच्या क्रमांकावरून वेगळं काढा, आणि रंगाचं, नावाचं, बाजाराचं बीज पुन्हा वेगवेगळं. सेव्ह फाइलच्या पहिल्या ओळीत आवृत्तीचा क्रमांक घाला. आज निरर्थक वाटेल, सहा महिन्यांनी मला दुवा द्याल.

इंजिन बदलायचं का? आत्ता नाही. गोडो हे तयार इंजिन चांगलं आहे, मुक्त आहे, फुकट आहे. तुमच्या मित्राचं काही चुकत नाही. पण आज बदललंत तर पुढचं वर्ष तेच तारे नव्या घरात मांडण्यात जाईल, नमनालाच घडाभर तेल. अक्षरांच्या पडद्यावरचा बाजार चालू लागला की तो कुठल्याही इंजिनात उचलून नेता येतो, कारण त्याला चित्राशी देणंघेणं नसतं. मग निर्णय घ्या. जिनसा, जहाजं, स्थानकं कोडमध्ये न कोंबता साध्या मजकुराच्या फाइलींत ठेवलीत तर आणखी सोपं. ‘एंडलेस स्काय’ हा मुक्त स्रोत गेम तसाच बांधलेला आहे, त्याच्या डेटा फाइली उघडून वाचा. ‘ऊलाइट’ही बघा, एलीटच्या प्रेमातूनच घडलेला आहे, आणि त्यातही लोकांनी बाहेरून भर घालावी अशी सोय आहे.

नोकरी सोडायचा सल्ला देणाऱ्या मित्राला चहा पाजा आणि विषय बदला. तीन वर्षांत ज्यात एक सौदा झालेला नाही, त्याच्या जिवावर घर चालवायचं नसतं. शिवाय आज तुम्ही एखाद्या रात्री कंटाळून झोपलात तर कुणाचं नुकसान होत नाही. पगार त्यावर अवलंबून राहिला की ती झोप गेली.

आणि समजा, दोन स्थानकांचा तो छोटा बाजार लिहिताना तुम्हाला अजिबात मजा आली नाही, सारखं मन कड्यांकडेच धावलं, तर? तसं असू शकतं. मग तुमचा छंद गेम लिहिण्याचा नाही, तारे घडवण्याचा आहे, आणि तोही तितकाच खरा छंद आहे. त्याला गेम म्हणणं फक्त सोडा. चाचे, तोफा, कोठार सगळं काढून टाका, एक सुंदर दुर्बीण करा. पुढच्या वेळी बायकोने विचारलं तर ‘करायचं काही नाही, बघायचं’ असं तिला बेधडक सांगता येईल. मात्र हे ठरवायच्या आधी बाजार एकदा लिहून बघा, न लिहिता ठरवू नका.

तो झाला की तिलाच बसवा. काही समजावून सांगू नका, मागे उभे राहा आणि गप्प राहा. ती कुठे अडते, कोणता आकडा दोनदा वाचते, आपणहून पुढची फेरी मारते का, ते कागदावर टिपा. आणि पुढच्या पत्रात तिने पहिल्या संध्याकाळी किती कमावले तेवढं कळवा. जहाजाची थरथर तोवर तशीच राहू द्या. अक्षरांच्या पडद्यावर ती दिसत नाही.

— तुमची ताई